येऊन जाणाऱ्या झटक्यांचं निदान कसं मिळवावं

अचानक तोंड वाकडं होतं, जीभ जड होते, एका बाजूचा हात उचलत नाही. घरचे घाबरून गाडी काढतात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पेशंट नीट बोलायला लागलेला असतो, सिटी स्कॅन नॉर्मल येतो, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं जातं. महिन्या-दोन महिन्यांनी तेच पुन्हा. मग दुसरे डॉक्टर, तिसरे डॉक्टर, दरवेळी नवा केसपेपर आणि दरवेळी पहिल्यापासून तीच कहाणी. पक्षाघातासारखे दिसणारे पण येऊन निघून जाणारे हे झटके ज्या घरात आहेत, त्या घरासाठी ही कृती आहे.

यातली मुख्य अडचण आधी ओळखा. डॉक्टरांच्या समोर पेशंट येतो तेव्हा झटका संपलेला असतो. हातोडीने गुडघा ठोकून, डोळ्यांत टॉर्च मारून त्यांना जे दिसतं ते दोन झटक्यांच्या मधलं ठणठणीत माणूस असतं. झटका पाहिलेला असतो घरच्यांनी. त्यामुळे निदानाचं निम्मं काम घरच्यांच्या हातात आहे, आणि ते नीट केलं तर पुढच्या महागड्या तपासण्यांची दिशा ठरते.

झटका चालू असताना

आधीचे तीन झटके आपोआप गेले म्हणून चौथ्याची वाट पाहत बसू नका. प्रत्येक झटका खरा पक्षाघात आहे असंच धरून चाला. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर तार घालून गुठळी काढता येते, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही. पण ‘चोवीस तास आहेत’ असं समजून थांबायचं नाही. जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूचं नुकसान वाढत असतं.

घड्याळ बघा. पेशंट शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर उठल्याची वेळ धरायची नसते. रात्री झोपायला जाताना तो बरा होता, तीच वेळ सांगायची. १०८ ला फोन करा. चोवीस तास सिटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन देण्याची सोय आपल्या भागात कुठल्या हॉस्पिटलात आहे, हे आजच, सगळं ठीक असताना चौकशी करून ठेवा. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दीड तास लागत असेल तर ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे.

घरात ग्लुकोमीटर असेल तर बोटातून साखर तपासा. साखर ७० च्या खाली उतरत गेली की हुबेहूब पक्षाघातासारखा देखावा उभा राहू शकतो, विशेषतः डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसात, आणि त्यातही जेवण चुकलेलं असेल तर. पेशंट पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच साखरेचं पाणी द्या. एरवी तोंडातून काहीही नको: पाणी नाही, गोळी नाही, काढा नाही. गिळण्याचे स्नायू साथ देत नसतील तर ते पाणी फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन तर स्कॅन होईपर्यंत मुळीच नको, कारण डोक्यात रक्तस्राव झालेला असेल तर तीच गोळी घात करते. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते झपकन उतरवण्याची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. तीही टाळा. रक्त कमी मिळत असलेल्या मेंदूला त्या वेळी तोच दाब तगवत असतो. आकडी येत असेल तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा. चप्पल, कांदा हुंगवू नका आणि दातांत चमचा घालू नका.

एकजण हे सगळं करत असताना दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. आपलं माणूस अशा अवस्थेत असताना फोन धरणं निर्दयपणाचं वाटतं, लोक नावं ठेवतील असंही वाटतं. तरीही काढा. एक मिनिट पुरतं. पूर्ण चेहरा उजेडात दिसू द्या, मग दोन्ही हात समोर उचलायला सांगा, दात दाखवायला सांगा, एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा, डोळे कुठल्या बाजूला वळलेत ते टिपा. डोळे उघडे आहेत की घट्ट मिटलेले, एवढ्या एका गोष्टीवरूनही न्यूरोलॉजिस्टला बरंच कळतं.

आणि वाटेत पेशंट बरा झाला म्हणून गाडी मागे वळवू नका. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून पुन्हा सुरू झाला असेल, तर त्यानंतर मोठा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. कबुतराचं रक्त चोळणं, लकव्याचा मंतरलेला दोरा बांधून आणणं यात जाणारे तास नेमके हेच असतात.

झटक्याची नोंद

हॉस्पिटलातून घरी आलात की त्याच दिवशी, झोपायच्या आधी, लिहून काढा. दोन दिवसांनी आठवणीत भेसळ होते. जो तो आपापलं सांगायला लागतो आणि सर्वांत घाबरवणारा क्षण तेवढा शिल्लक राहतो. वेगळी शंभरपानी वही करा. पेशंटला काय जाणवलं ते पेशंटने सांगावं, बाहेरून काय दिसलं ते पाहणाऱ्याने. दोन्ही वेगवेगळं लिहा, एकमेकांत मिसळू नका.

‘चक्कर आली आणि हात गेला’ एवढ्या नोंदीचा उपयोग नाही. ‘चक्कर’ म्हणजे खोली गोल फिरत होती, डोळ्यांपुढे अंधारी आली, की तोल जात होता? ‘हात गेला’ म्हणजे ताकद गेली, की ताकद होती पण बधिर झाला? नोंद कशी असावी याचा हा नमुना पाहा:

‘बुधवार, सकाळी ७.४०. पोहे परतत होती. उजव्या हाताची बोटं आधी बधिर, मग मुंग्या. दहा मिनिटांत मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, नंतर ओठाच्या उजव्या कडेला. झारा हातातून पडला नाही. ७.५५ ला मीठ मागायचं होतं, “पीठ दे” म्हणाली. चुकलं हे तिला कळत होतं. तोंड सरळ. पूर्ण शुद्धीत. ८.१५ ला सगळं ठीक. ८.३० पासून डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली, एक उलटी, उजेड नको म्हणाली. काल अंगारकीचा उपास, चंद्रोदय उशिरा, जेवायला साडेदहा. रात्री झोप कमी. पाळी परवा यायची आहे.’

जेमतेम दहा ओळी. पण त्यात काय काय आहे बघा. लक्षण कुठे सुरू झालं, कुठल्या क्रमाने सरकलं, सरकायला किती मिनिटं लागली, काय गेलं आणि काय शाबूत राहिलं, डोकेदुखी आधी की नंतर, आदला दिवस कसा गेला. हे वाचणाऱ्या न्यूरोलॉजिस्टच्या मनात मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा ‘ऑरा’ (डोकेदुखीआधी येणारी अशी लक्षणं) पहिल्या नंबरावर येईल, कारण लक्षणं हळूहळू, मिनिटामिनिटाने पसरत गेली. रक्तपुरवठा तुटतो तेव्हा असं सहसा होत नाही. तिथे हात, तोंड, वाचा यातलं जे जायचं ते बहुधा एकदमच जातं. फिटचं पसरणं आणखी वेगळं. अंगठ्यापासून सुरू झालेले झटके काही सेकंदांत खांद्यापर्यंत पोहोचतात. थोडक्यात, सगळं एका क्षणात, सेकंदांत सरकत किंवा मिनिटांत पसरत, या तीन चालींमधला फरक घरच्यांनी टिपला तर निम्म्या शंका तिथेच गळतात.

दुसरा फरक, काय ‘गेलं’ आणि काय ‘आलं’. ताकद गेली, दिसेनासं झालं, बोलणं गेलं, हे एका गटात. मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा आल्या, हात आपोआप हलायला लागला, हे दुसऱ्या गटात. रक्तपुरवठ्याच्या दोषात मुख्यतः पहिला गट दिसतो. मायग्रेन आणि फिटमध्ये दुसराही.

पण हे वाचून घरबसल्या स्वतःच निदान करू नका. साठीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा असा ‘ऑरा’ आला तर तो मायग्रेन मानण्याआधी बाकी सगळं तपासावंच लागतं. आणि अपवाद बरेच आहेत. रात्री झोपेत फिट येऊन गेली, कुणी पाहिली नाही, आणि सकाळी एक हात लुळा. हा फिटनंतरचा तात्पुरता लुळेपणा असू शकतो. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरने १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो ‘टॉड्स पॅरालिसिस’ या नावाने ओळखला जातो. तो काही मिनिटांत जातो किंवा दीड-दोन दिवसही राहतो. म्हणून नोंदीत हेही असू द्या: जीभ कडेला चावली गेली होती का, अंथरुणात लघवी झाली होती का, उठल्यावर अंग ठेचल्यासारखं दुखत होतं का. याच्या उलट, मानेतली रक्तवाहिनी खूप अरुंद झालेल्या माणसाचा हात उभं राहिल्यावर थडथड उडतो आणि सगळे त्याला फिट म्हणतात. बसलं की थांबतं. ‘उभं राहिल्यावर’ हे शब्द नोंदीत नसतील तर चुकीचं औषध वर्षभर चालू राहू शकतं.

कागद एका जागी

फाइल करा, तारखेनुसार. प्रत्येक सिटी आणि एमआरआयचा रिपोर्ट ठेवाच, पण त्याबरोबर मूळ चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. रिपोर्ट हे एका रेडिओलॉजिस्टचं त्या दिवशीचं मत असतं, तेही पुष्कळदा ‘हेमिप्लेजिया’ (एका बाजूचा लुळेपणा) या एका शब्दाच्या माहितीवर दिलेलं. सगळी हकिगत माहीत असलेल्या दुसऱ्या डॉक्टरने तीच चित्रं पाहिली की त्यांत वेगळं दिसू शकतं. तुमच्या नोंदी मिळणं हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत, पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. नम्रपणे पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

औषधांची यादी करताना फक्त ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहून थांबू नका. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी पुढे ढकलायची गोळी (गौरी-गणपतीत आणि लग्नसराईत ती सर्रास घेतली जाते), वैदूकडचं भस्म, जिमवाल्याने दिलेली पावडर, सगळं. हे सांगायला लाज वाटते आणि नेमकं तेच कामाचं असतं.

मग घराण्याचा तक्ता. तीन पिढ्या पुरतात. पन्नाशीच्या आत कुणाला पक्षाघात, कुणाला अर्धशिशी, फिट, तरुणपणी बहिरेपण, कमी वयात डायबेटिस, वारंवार गर्भपात, झोपेत अचानक मृत्यू. आईकडचे आणि बापाकडचे वेगळे दाखवा. आई-वडिलांचं लग्न नात्यात, म्हणजे मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा असं झालं असेल तर तेही लिहा. काही आनुवंशिक आजार अशा घरांत जास्त दिसतात. घरातल्या एखाद्या आजीला विचारलं तर एका दुपारी तक्ता पुरा होतो.

पहिली फेरी

डॉक्टर कोण गाठायचे? लहान शहरांत ‘मेंदूचे डॉक्टर’ म्हणून लोक थेट न्यूरोसर्जनकडे जातात. या कामाला न्यूरोलॉजिस्ट हवेत, म्हणजे मेडिसिननंतर न्यूरोलॉजीची डीएम किंवा डीएनबी पदवी घेतलेले. ते जवळ नसतील तर एमडी मेडिसिनकडे पहिली फेरी नीट होऊ शकते.

एमआरआय लवकर व्हायला हवा. ताजी इजा दाखवणारी ‘डिफ्युजन’ चित्रं पहिल्या दहा-बारा दिवसांत बोलतात, नंतर फिकी पडतात. महिनाभराने काढलेला एमआरआय नॉर्मल आला म्हणून त्या दिवशी काही झालंच नव्हतं असं म्हणता येत नाही. एकदा मशीनमध्ये जायचंच आहे तर मेंदूबरोबर मान आणि डोक्याच्या धमन्यांची अँजिओ, जुना सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी चित्रं आणि शंका असेल तर शिरांची चित्रंही एकाच वेळी घेता येतील का, हे डॉक्टरांना आधी विचारा. दोनदा खर्च टळतो. हृदयासाठी ईसीजी, टू-डी इको आणि ठोक्यांची सलग नोंद घेणारं होल्टर. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल तर इकोवाल्यांना आवर्जून सांगा. संधिवातिक तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप आणि तिथून सुटलेली गुठळी हे आपल्याकडे तरुण वयातल्या पक्षाघाताचं जुनं, ओळखीचं कारण आहे.

रक्तात साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीबीसी, ईएसआर, थायरॉइड, बी-१२, होमोसिस्टीन. पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ कमी आणि होमोसिस्टीन वाढलेलं सापडणं नेहमीचं आहे, म्हणून बी-१२ चं इंजेक्शन टोचून घेण्याआधी रक्त द्या, नंतर आकडा फसवतो. विदर्भातली किंवा नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यातली मुळं असतील तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या. सिकलसेल मुलांमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा तोडू शकतो आणि शहरात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत कुणाच्या ते डोक्यातही येत नाही.

फिटची शंका असेल तर ईईजी. इथे मुलांच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ईईजी काढताना तंत्रज्ञ तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. मुलाचे झटके रडताना, धावताना, शिट्टी वाजवताना किंवा गरम वरणभातावर फुंकर मारताना येत असतील तर हे आधीच सांगा. मोयामोया नावाच्या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या अरुंद होत जातात. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, वाहिन्या आणखी आकसतात आणि झटका येतो. या आजाराला ते नाव सुझुकी आणि ताकाकु या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये दिलं. वेळेवर सापडला तर ऑपरेशन करून नवा रक्तपुरवठा जोडता येतो, म्हणून ‘रडलं की हात लुळा पडतो, हट्टी आहे’ असं म्हणून मुलाला दटावू नका.

सगळं नॉर्मल आल्यावर

प्रत्येक तपासणीला तिची खिडकी असते. चोवीस तासांचं होल्टर त्या चोवीस तासांबद्दलच सांगतं. महिन्यातून एकदा बिघडणारा ठोका त्यात सापडेलच असं नाही. म्हणून पुढे आठवडा-दोन आठवड्यांचा मॉनिटर किंवा छातीत त्वचेखाली बसवायचा रेकॉर्डर असतो. अर्ध्या तासाचा ईईजी एपिलेप्सी असलेल्या पुष्कळांचा नॉर्मल येतो. मग रात्रभर जागून काढायचा किंवा ॲडमिट करून व्हिडिओसह दिवसभर चालणारा. छातीवरून केलेल्या इकोत हृदयाच्या पडद्यातलं भोक निसटू शकतं. त्यासाठी शिरेतून बुडबुडे सोडून करायचा इको आहे. तेव्हा ‘सगळं नॉर्मल आहे’ असं कुणी म्हटलं की शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, यातून काय नाही हे नक्की झालं, आणि काय अजून राहिलं?’

दुसऱ्या फेरीची दिशा वय आणि धाग्यादोऱ्यांवरून ठरते.

बाळंतीण, किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी तरुण स्त्री, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, त्यात फिट किंवा एका बाजूचा लुळेपणा: मेंदूच्या शिरांत गुठळी झाली आहे का, हे आधी पाहावं लागतं. साध्या सिटीत ती लपू शकते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी पद्धत काही घरांत अजून पाळतात, ती सोडाच. वारंवार गर्भपात झालेल्या बाईत रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी करतात आणि ती किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. एकदाच आलेल्या ‘पॉझिटिव्ह’वर जन्मभराचा शिक्का बसत नाही. तरुण मुलीची एका हाताची नाडी लागत नसेल, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक येत असेल, तर ताकायासू नावाचा मोठ्या धमन्यांना सूज आणणारा आजार मनात धरावा. दोन्ही हातांचं बीपी बघायला एक पैसा लागत नाही आणि ते बघायचं राहून जातं.

आई-मुलांत वाटलेल्या खुणांकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगेन. मामाला तरुणपणी ऐकू येईनासं झालं, आईला सडपातळ असूनही डायबेटिस, मुलगी बुटकी, थोडं चाललं तरी थकणारी, आणि आता तिला फिट, उलट्या, एका बाजूचं दिसेनासं होणं असे झटके. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळे डॉक्टर झालेले असतात आणि हे एकच सूत्र आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा ‘मेलास’ हा आजार असा दिसतो. १९८४ मध्ये त्याची स्वतंत्र ओळख पटली. तो आईकडूनच उतरतो. एमआरआयवरची इजा कुठल्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही, रक्तातलं लॅक्टेट बहुधा वाढलेलं असतं. त्यातला सर्वांत नेहमीचा जनुकीय दोष मोठ्या माणसांत रक्तापेक्षा लघवीच्या नमुन्यात खात्रीने सापडतो, म्हणून नुसत्या रक्ताचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आल्यावर शोध थांबवू नये. हे निदान लवकर हवं याचं ठोस कारण आहे. फिटसाठी सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध या आजारात टाळतात.

बापाला अर्धशिशी आणि पन्नाशीत पक्षाघात, काकाला विस्मरण, आता मुलाला ऑरासह अर्धशिशी, असा तक्ता ‘कॅडासिल’ या आनुवंशिक आजाराकडे बोट दाखवतो. अर्धशिशीच्या वेळी दरवेळी एक बाजू खरोखर लुळी पडणारा, घराण्यात चालत आलेला मायग्रेनही असतो, आणि त्यात अर्धशिशीच्या नेहमीच्या ट्रिप्टान गोळ्या सहसा देत नाहीत. सत्तरीपुढच्या माणसाला मुंग्या सरकत जाण्याचे छोटे छोटे झटके येत असतील तर रक्त पातळ करणारी गोळी वाढवण्याआधी जुना सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एमआरआयची चित्रं पाहिली आहेत का, हे विचारा. मेंदूच्या वाहिन्यांत अमायलॉइड साचल्याने असे झटके येतात आणि तिथे ती गोळी उलटू शकते.

‘मानसिक आहे’ असं सांगितलं तर

हे वाक्य ऐकून पुष्कळ घरं खचतात, काही चिडतात, काही देवऋषाकडे जातात. मला वाटतं, इथे एक नेमका प्रश्न विचारायला हवा: ‘रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून म्हणताय, की तपासताना तशी खूण सापडली?’ मेंदूचं काम बिघडतं पण रचना शाबूत असते, असा ‘फंक्शनल’ विकार खरा आहे, ते ढोंग नव्हे, आणि त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत. उदाहरणार्थ, झोपवून ‘दुबळा पाय खाली दाबा’ म्हटलं की तो दाबत नाही, पण चांगला पाय वर उचलायला सांगितला की तोच दुबळा पाय आपोआप खाली दाब देतो. हूव्हर यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. ती दिसली असेल तर निदान भक्कम आहे. त्यासाठी खास फिजिओथेरपी आणि समुपदेशन आहे, आणि बरेच जण सुधारतात. खूण न दिसता केवळ रिपोर्ट कोरे म्हणून हे नाव दिलं असेल, तर दुसरं मत घ्या. फंक्शनल विकार आणि फिट एकाच माणसात असू शकतात, हेही विसरू नका.

मोठ्या ठिकाणी जाताना

मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. याहून पुढे जायचं तर बंगळुरूचं निमहान्स. सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांत केईएमही आहे, म्हणून मेलाससारखी शंका असेल तर तिथली जनुकीय ओपीडी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर, ॲडमिट होण्याआधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारायचं.

ओपीडीत रांग तीन तासांची आणि डॉक्टरांसमोरची वेळ पाच-सात मिनिटांची. त्यात फाइलची पानं उलटत बसलात तर वेळ संपतो. एका पानाचा गोषवारा करून न्या: वय, उजवा की डावखुरा, आजवर किती झटके, पहिला आणि शेवटचा कधी, त्यातला सर्वांत नीट नोंदलेला एक झटका जसाच्या तसा, चालू औषधं, झालेल्या तपासण्या एका ओळीत, घराण्यातली एखादी महत्त्वाची खूण. ते पान आधी हातात द्या, मग व्हिडिओ दाखवा. झटका ज्याने पाहिला त्यालाच बरोबर न्या. घरातला कर्ता पुरुष म्हणून ज्याने पाहिलाच नाही तो बोलायला लागला की गोंधळ होतो. सून स्वयंपाकघरात होती, तिने पाहिलं, तर सूनच बोलेल.

जनुकीय तपासणी सर्वांत शेवटी, आणि आधी समुपदेशन घेऊनच. ‘अर्थ निश्चित नाही’ असा निकालही त्यात येतो, त्याची तयारी हवी. निकालाचा परिणाम बहिणी, भाऊ आणि लग्नाच्या मुलांवर होतो, म्हणून घरात आधी बोला.

शोध चालू असेपर्यंत पेशंटने दुचाकी चालवू नये, विहिरीवर किंवा मोटार सुरू करायला एकट्याने जाऊ नये, बाथरूमची कडी आतून लावू नये. ऑरासह मायग्रेनची शंका असलेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी लगेच बोलावं. चालू केलेली गोळी ‘आता बरं आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

एवढं करूनही कधी कधी कागदावर ‘कारण अनिश्चित’ असंच राहतं. अशा वेळी रिकाम्या हाताने उठू नका. पुढचा झटका आला तर त्याच दिवशी नेमकं काय करायचं, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या: किती तासांत एमआरआय, त्यात कुठली चित्रं, ईईजी लगेच हवा का, रक्तात साखरेबरोबर लॅक्टेट पाहायचं का, कुठलं औषध द्यायचं नाही, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं. खाली सही-शिक्का आणि फोन नंबर. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या अनोळखी शिकाऊ डॉक्टरला हा कागद दाखवला की तो पहिल्यापासून सुरुवात करत नाही. या पानाच्या तीन प्रती काढा: एक पेशंटच्या पाकिटात, एक फाइलच्या पहिल्या पानावर, आणि एकाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर.